प्रोसेसर ते मिक्सर: दोन्हीकडे टीआरएस की एका टोकाला कॅनन?

गिटारचा मल्टी इफेक्ट प्रोसेसर अँप न वापरता सरळ मिक्सरला लावायचा तर बॅलन्स्ड केबल, म्हणजे बाहेरची घरघर अडवणारी, दोन प्रकारे मिळते. दोन्ही टोकांना टीआरएस, म्हणजे टिप-रिंग-स्लीव्ह असा तीन भागांचा मोठा जॅक, नाहीतर एकीकडे टीआरएस आणि दुसरीकडे एक्सएलआर, म्हणजे आपले साऊंडवाले कॅनन म्हणतात ती पिन. मी दोन्ही वापरल्यात, आवाजात मला तरी फरक ऐकू आलेला नाही. गणपतीत लायटिंगच्या डिमरशेजारी वाजवताना जी घरघर शिरते ती दोन्ही सारखीच अडवतात, कारण आत गोष्ट एकच आहे, दोन तारा आणि वर शील्ड.

फक्त प्रोसेसरचा आऊटपुट मुळात बॅलन्स्ड आहे ना ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर यातली कुठलीच केबल घेऊन फायदा नाही, डीआय बॉक्स घ्या, म्हणजे गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला जुळवून देणारा डबा. नुसती गिटार मिक्सरला लावायची असेल तरी डीआयच, पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला समोर साधारण १ मेगओहमचा इनपुट लागतो आणि लाईन इन असतो १०-२० किलोओहमचा, वरचा सगळा ट्रेबल मरतो.

कॅननची मोठी सोय म्हणजे लॉक. पायात अडकली तरी निसटत नाही, आणि हॉलवरच्या स्टेज बॉक्सला (स्टेजवरच्या केबल लावायचा डबा) बहुतेक कॅननच असतात. सतत कार्यक्रम करणाऱ्यांनी ती घेतली तर मी नाही म्हणणार नाही.

पण मला नडली ती फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माईकसाठी मिक्सर केबलमधूनच पाठवतो ती वीज. छोट्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण बऱ्याचदा एकच असतं, सगळ्या कॅनन चॅनेलना मिळून. आमच्या गायिकेला कंडेन्सर माईक लागतो म्हणजे ते दाबावं लागणारच, आणि दाबलं की तेच व्होल्टेज पिन २ आणि ३ वरून उलटं प्रोसेसरच्या आऊटपुटमध्ये. काही प्रोसेसर सहन करतात, काहींचा आऊटपुट त्यासाठी बनवलेलाच नसतो, आणि एवढं महागडं यंत्र त्या भरवशावर कोण सोडणार? त्यामुळे दर प्रॅक्टिसला तेच, कोणी बटणाला हात लावला की आधी मेन फेडर खाली घ्या, गिटारची कॅनन उपटा, मग फँटम, आणि मग गिटार लावायची कुठे हा प्रश्न उरतोच. मध्ये फँटम अडवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकता येतो, पण मग अजून एक डबा आणि अजून एक केबल. शिवाय कॅनन इनपुट माईकच्या हिशोबाने केलेला, पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) नसेल तर गेन पूर्ण मागे घेऊनसुद्धा जोरात स्ट्रम केलं की पीकचा लाल दिवा लागतो.

टीआरएस लाईन इनमध्ये खुपसला की या दोन्ही कटकटी संपतात. कॅनन आणि जॅक दोन्ही बसणारं कॉम्बो सॉकेट असेल तरी बहुतेक मिक्सरवर फँटम फक्त कॅननच्या पिनांनाच जातो. जॅक ओढला गेला तर निघतो हे खरं, मी मिक्सरच्या हँडलला एक वेढा देऊन लावतो, तेवढ्याने भागतं. आणि चॅनेल म्यूट करूनच काढघाल करा, आत सरकताना टिप-रिंग शॉर्ट होऊन फाडकन आवाज येतो.

एक मात्र जपा, ही केबल हेडफोन आऊटमधून बॅलन्स्ड लाईन इनला लावू नका. तिथे दोन तारांवर डावा-उजवा वेगळे येतात, मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो, दोन्हीकडे सारखा असलेला आवाज गायब होतो आणि माणूस उगाच केबलला दोष देतो.

घ्यायची असेल तर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन "स्टीरिओ पी-३८" मागा, टीआरएसला दुकानात तेच म्हणतात, नाहीतर मोनो हातात पडेल. पिनवर काळ्या रिंगा दोन हव्यात. सोल्डरिंग जमत असेल तर न्यूट्रिकच्या पिना आणि कॅनारे किंवा मोगामीची वायर सुटी घेऊन घरीच करा, ३ मीटर प्रॅक्टिस रूमला पुरते. पुढे हॉलच्या स्टेज बॉक्सला जोडायची वेळ आलीच तर तेव्हा ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय आणि साधी माईक केबल घ्या, फँटम त्याच्या पलीकडेच थांबतो.