नमुना ७ भरत राहायचं की चारीवर पाणी वापर संस्था काढायची?

तुमच्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पण ही चर्चा चालू असेल तर माझं मत सांगतो. मी टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आहे, त्यामुळं मी टेलच्या बाजूनंच बोलणार.

नमुना ७ म्हणजे कालव्याच्या पाण्यासाठी ज्यानं त्यानं पाटबंधारे खात्याकडं करायचा अर्ज, त्यात डोक्याला ताप नाही. अर्ज भरा, पिकाच्या क्षेत्रावर पाणीपट्टी भरा, मीटिंग नाही, वसुली नाही, कुणाशी वाईटपणा नाही. हेडला, म्हणजे चारीच्या तोंडाशी, जमीन असेल तर चालून जातं. पण आकारणी क्षेत्रावर असल्यामुळं वरच्यानं उसात दिवसभर दार उघडं ठेवलं तरी त्याला पैसा तेवढाच, आणि आपण रात्री दोनला बॅटरी-फावडं घेऊन पोटचारीच्या तोंडाशी उभे, समोर नुसता ओला गाळ. अशा कितीतरी पाळ्या मी काढल्यात.

पाणी वापर संस्था म्हणजे चारीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली संस्था, तिला पाणी मोजून मिळतं. शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळायच्या २००५ च्या कायद्यानं संस्थेचा पाण्याचा कोटा ठरतो, त्यात पीक कुठलं घ्यायचं ते आपलं आपण बघायचं, आणि संचालक मंडळात हेड, मधला भाग, टेल तिन्हीकडची माणसं घ्यावीच लागतात. माझ्यासारख्याला हेच सगळ्यात मोठं. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीचा वाघाड धरणाचा प्रकल्प एकदा जाऊन बघाच. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातून १९९० च्या सुमारास टेलपासून सुरुवात केली, पुढं २४ संस्था झाल्या आणि २००३ ला अख्ख्या प्रकल्पाची एक संस्था उभी राहिली. पावसाळ्यातलं जादा पाणी ते नाल्यांना सोडून विहिरी भरून घेतात, असलं काम एकट्याच्या अर्जानं होत नाही.

निचऱ्याचं, म्हणजे रानात साचलेलं पाणी बाहेर काढायचं, पण तसंच, एकट्यानं होत नाही. कोल्हापूरच्या शिरोळ भागात चोपण-क्षारपड, म्हणजे क्षार साचून नापीक झालेल्या जमिनीत जमिनीखालून छिद्राचे पाइप टाकून रानं परत पिकाखाली आणलीत, पण तुमच्या पाइपचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या चार जणांच्या रानातून जावं लागतं, ते तयार नसतील तर तुमचा खर्च मातीत.

आता त्रास. चारीची दुरुस्ती, सचिवाचा पगार, वसुली सगळं आपल्यावर, थकबाकीदार सख्खा काका निघाला तरी दार बंद करायची हिंमत लागते. आणि एकदा संस्थेनं कारभार घेतला की स्वतंत्र अर्जाचा रस्ता बंद, म्हणून घाई करू नका. शेजारच्या चारीवर फ्लूमच्या, म्हणजे पाणी मोजायच्या बांधकामाच्या, पट्टीवरचे आकडेच पुसलेत, दर आवर्तनाला (पाणी सुटायच्या फेरीला) किती पाणी आलं यावरून दोन-दोन सेंटिमीटरची भांडणं, आणि बिल मात्र पूर्ण.

दहा-पंधरा जणंच असाल आणि टेलला कायम पाणी पोचत असेल तर नमुना ७ बरा. नाहीतर संस्था काढा, पण ताबा घ्यायच्या आधी अधिकाऱ्यांबरोबर चारी पायी फिरा, फुटलेलं अस्तर, मोडकी दारं, फ्लूम सगळं लिहून घ्या, दुरुस्ती होऊन चाचणीचं पाणी शेवटच्या दारापर्यंत आलेलं डोळ्यांनी बघा, मगच सही करा.