स्क्विड: डिस्ट्रोचं पॅकेज की स्वतः केलेलं बिल्ड?

ऑफिसातली स्क्विड प्रॉक्सी (सगळ्यांच्या वेब विनंत्या मधे घेऊन पुढे पाठवणारं आणि आलेली पानं साठवणारं सॉफ्टवेअर) सांभाळणाऱ्यांसमोर २०२३ च्या ऑक्टोबरपासून हा प्रश्न आहे. डेबियन, उबुंटू किंवा रेड हॅटसारखी लिनक्सची डिस्ट्रो (वितरण) जे तयार पॅकेज देते तेच चालू ठेवायचं, की मूळ प्रकल्पाचा सोर्स कोड आणून त्यातून आपणच प्रोग्रॅम बनवायचा, म्हणजे बिल्ड करायचं? मी दोन्ही वापरलंय. स्क्विड सोडून दुसरं काही घ्यावं का, हा वेगळा विषय; तो इथे नको.

त्या महिन्यात गाजलेलं भोक म्हणजे सीव्हीई-२०२३-४६८४७ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा दोषाला मिळणारा नंबर). डायजेस्ट ऑथेंटिकेशनमध्ये (पासवर्ड उघडा न पाठवता ओळख पटवण्याची पद्धत) क्लायंट ‘एनसी’ नावाचा एक मोजणीचा आकडा पाठवतो. तो नियमाने आठ अक्षरांचाच असतो, म्हणून कोडमध्ये त्याच्यासाठी नऊ बाइटची जागा ठेवलेली: आठ अक्षरं आणि शेवटचा शून्य. पण कॉपी करताना लांबी धरली जायची ती आलेल्या मजकुराची, ठेवलेल्या जागेची नाही. कुणी लांबलचक ‘एनसी’ पाठवला की शेजारची मेमरी खराब होते आणि प्रक्रिया कोसळते. त्यासाठी खरा पासवर्डही लागत नाही. ३.२ पासून ६.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत हे होतं. दुरुस्ती काय, तर लांबी बरोबर आठ आहे का एवढी तपासणी.

प्रक्रिया कोसळली की स्क्विडची मुख्य प्रक्रिया लगेच नवी उभी करते, त्यामुळे ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ (सेवा बंद पाडणं) एवढंच ऐकून काही जण खांदे उडवतात. मला ते पटत नाही. प्रत्येक क्रॅशला चालू असलेली सगळी कनेक्शनं तुटतात. डिस्कवर कॅशे (साठवलेली पानं) असेल तर लॉगमध्ये ‘डर्टी लॉग’वरून साठा पुन्हा बांधत असल्याची ओळ येते आणि कॅशे मोठा असेल तर डिस्क बराच वेळ घरघरत राहते. शिवाय लागोपाठ क्रॅश होत राहिले तर मुख्य प्रक्रिया ताबडतोब उठवणं सोडून देते. हल्ला करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

आता तुलना. पॅकेजचं सुख मोठं आहे. रात्री आपोआप अपडेट येतं, कॉन्फिगरेशन जागच्या जागी राहतं, लायब्ररींची काळजी दुसरं कुणी घेतं. नंबर मिळालेल्या भोकांचे पॅच डिस्ट्रोवाले मन लावून जुन्या आवृत्तीत बसवतात, आणि ते काम सोपं नाही. स्वतःच्या बिल्डमध्ये हे सगळं आपल्या गळ्यात. स्क्विडच्या सुरक्षा सूचनांवर लक्ष ठेवा, नवी आवृत्ती आली की चाचणी मशीनवर चढवा, ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी बदलली की पुन्हा पाहा. सणासुदीला सुट्टीवर गेलात तर मागे कुणीतरी हे करू शकणारं हवं.

एवढं असूनही मी बिल्डकडे वळलो, ते एकाच त्रासामुळे. पॅकेजमध्ये दुरुस्ती येते ती नंबराच्या मागून. सुरक्षा संशोधक जोशुआ रॉजर्स यांनी २०२१ मध्ये स्क्विडचा कोड तपासून ५५ दोष काढले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते जाहीर केले तेव्हा त्यातले ३५ दुरुस्त व्हायचे होते. दोषांची एवढी मोठी रास असते तेव्हा प्रत्येकाला सीव्हीई नंबर वेळेवर मिळतोच असं नाही. याचं उदाहरण सीव्हीई-२०२५-५४५७४. यूआरएन प्रकारच्या (‘urn:’ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या) विनंत्या हाताळताना होणारा हा मेमरी ओव्हरफ्लो. मूळ प्रकल्पात तो ६.४ मध्ये, म्हणजे २०२३ मध्येच दुरुस्त झाला होता. नंबर आणि जाहीर सूचना आली २०२५ मध्ये. जो ६.४ वर गेला तो आपसूक सुटला. जो ५ च्या मालिकेत बॅकपोर्टच्या, म्हणजे जुन्या आवृत्तीत बसवलेल्या पॅचच्या, भरवशावर होता (डेबियन १२ मध्ये ५.७ आहे), त्याच्याकडे मागायलाही काही नव्हतं, कारण पॅच कशाचा मागायचा हेच ठाऊक नव्हतं.

त्यात रोजची कटकट वेगळी. पॅकेजला आवृत्ती विचारली की उत्तर तेच जुनं ५.७. आत कुठले पॅच बसलेत हे कळायला पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) वाचावा लागतो. ऑडिटवाल्याचा स्कॅनर फक्त आकडा बघतो आणि लाल शेरा मारतो. मग आपण एकेक नंबर चेंजलॉगमध्ये शोधून त्याला उत्तर लिहीत बसायचं. आणि ज्या दुरुस्तीला नंबरच नाही, ती त्या चेंजलॉगमध्येही सापडत नाही.

बिल्डचा आणखी एक फायदा मला हळूहळू कळला: नको ते आत घ्यायचंच नाही. डायजेस्ट वापरत नसाल तर तो बिल्डमधून काढता येतो, ईएसआय (पानाचे तुकडे प्रॉक्सीतच जोडण्याची सोय) सुद्धा. मूळ प्रकल्पही त्याच वाटेने चाललाय: गोफर हा जुना प्रोटोकॉल ६ मध्ये गेला, ईएसआय ७ मध्ये.

अर्थात माझी प्रॉक्सी मध्यम आकाराची आहे आणि हाताशी चाचणीचं मशीन आहे. एकट्याने पंचवीस सर्व्हर बघणाऱ्याला मी बिल्ड कर असं छातीठोकपणे सांगणार नाही. त्याने निदान नव्या डिस्ट्रोवर जावं. डेबियन १३ मध्ये स्क्विड ६ च्या मालिकेतलं आहे, तिथे अंतर बरंच कमी होतं. पण आठवड्यातून थोडा वेळ काढता येत असेल, तर माझ्या मते बिल्डच बरं. सुरुवात करताना सध्याच्या पॅकेजला त्याचे बिल्ड पर्याय विचारा, ते सगळे छापून देतं. त्यातून नको ते गाळा, आणि तयार झालेलं थेट सर्व्हरवर न टाकता त्याचंही पॅकेज करून टाका, म्हणजे काही बिघडलं तर आधीच्यावर परत जाता येतं.

पॅकेजवरच राहणार असाल तर दोन गोष्टी आजच करा. डायजेस्टची गरज नसेल तर त्याच्या ‘ऑथ-पॅरम’ ओळी काढा, आणि यूआरएन प्रोटोकॉलसाठी एक एसीएल (विनंत्या ओळखून अडवण्याचा नियम) लिहून त्या विनंत्या सरसकट नाकारा. ती नाकारणारी ओळ परवानगीच्या ओळींच्या वर हवी, खाली टाकली तर उपयोग नाही.