लोणची चाखताना: आधी खार, मग फोड

लोणचं चाखायला घेतलं की बहुतेकांचा हात थेट फोडीकडे जातो, आणि निकाल तिखट की आंबट एवढ्यावरच लागतो. खार आणि फोड वेगवेगळी चाखून बघा. आधी चमच्याच्या टोकावर नुसता खार. मग फोड नीट निथळून अर्धी चावायची. आतला गर खाराइतकाच खारट-आंबट लागला तर लोणचं मुरलं. वर मसाला आणि आत कच्ची कैरी लागली तर त्याला इतक्यात नापास करू नये, पंधरा दिवसांनी पुन्हा चाखावं.

एका बैठकीला पाच प्रकार पुरेत, त्यापुढे जीभ दमते. क्रम मात्र पाळायचाच: व्हिनेगरमधली काकडी, मिठाच्या पाण्यात आंबवलेली भाजी, बिनतेलाचं लिंबू, तेलातली कैरी, शेवटी मिरची. तेल किंवा तिखट आधी आलं की पुढची नाजूक चव कळतच नाही. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, म्हणून मधेमधे दूध किंवा दही आणि बिनमिठाचा भात घ्यावा. फ्रीजमधली बरणी अर्धा तास आधी बाहेर काढावी, गार लोणच्याचा वास दबलेला असतो.

व्हिनेगरची काकडी पहिल्या घासाला टोचते आणि तिथेच संपते. तिचे गुण कुरकुरीतपणाला. ती लिबलिबीत झाली असेल तर बरेचदा फुलाकडचं टोक कापायचं राहिलेलं असतं. काकडी मऊ करणारी एन्झाइम्स तिथेच जास्त असतात.

आंबवलेली भाजी आम्हाला त्याहून कितीतरी सरस वाटते. किलोभर भाजीला 20 ते 30 ग्रॅम मीठ असलं की लॅक्टिक आम्ल सावकाश तयार होतं, आणि आंबटपणा गोलसर, रेंगाळणारा येतो. पाणी गढूळ दिसलं तर बिचकू नका, ते तसंच असतं. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो सहसा यीस्टचा असतो. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर मात्र चाखायचं नाही, सगळं टाकून द्यायचं.

लिंबात साल बघावी. मुरलेली साल बोटांनी दाबली की सहज तुटते. घशाशी कडवटपणा राहत असेल तर बिया तशाच ठेवून फोडी केल्या असणार, किंवा लिंबं जाड सालीची असणार.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो तेलातल्या कैरीला. मोहरीचा नाकात चढणारा झणका तिच्या दाण्यात आयता नसतो. डाळ भरडून ओली झाली की एन्झाइममुळे तो तयार होतो, आणि उष्णतेने तेच एन्झाइम निकामी होतं. म्हणून कढत फोडणी थेट मसाल्यावर ओतलेलं लोणचं दिसायला लालभडक, पण नाकाला मुकं लागतं. फोडणी पूर्ण गार करून घातलेली असेल तर खार जिभेवर ठेवल्यावर काही क्षणांत झणका नाकाशी येतो. मेथी जास्त तळली गेली की कडू पडते आणि ती कडू चव बाकी सगळं झाकते. फोडी तेलाखाली बुडालेल्या हव्यात, वर डोकावणाऱ्या फोडीवर बुरशी आधी धरते. वास खवट आला तर दोष तेलाचा, मसाल्याला बोल लावू नये.

मिरचीचा इवलासा तुकडा पुरतो. तिखट विसरून लिंबाचा रस आत शिरलाय का ते बघायचं. पोकळ मिरचीत खार भरलेला नसेल तर ती मुरलेली नाही.

गुण देताना आम्ही दहापैकी दोन वासाला, तीन खाराला, तीन फोडीला आणि दोन गिळल्यावर मागे राहणाऱ्या चवीला ठेवतो. वाट्यांवर नावांऐवजी नुसते आकडे घाला, नाहीतर आवडत्या बरणीला न चाखताच गुण पडतात.