लिबसोडियम: मेमरीतली गुप्त किल्ली पुसायला कितपत भरवशाचं?

लिबसोडियम ही एन्क्रिप्शनची सी लायब्ररी. एन्क्रिप्शनचं काम झालं की गुप्त किल्लीवर मेमसेटने (मेमरी भरायचं सीचं फंक्शन) शून्यं फिरवायची, विषय संपला, असं वाटतं खरं. पण ऑप्टिमायझेशन चालू करून बिल्ड केलं की कम्पायलरला दिसतं, या बफरला (किल्ली ठेवलेल्या जागेला) पुढे कुणी हातच लावत नाही, आणि तो मेमसेटची ओळच उडवून टाकतो. लिबसोडियमचं पुसायचं फंक्शन, सोडियम_मेमझीरो, असं उडत नाही. मात्र तेवढ्यासाठीच ही लायब्ररी घेणार असाल तर राहू द्या. लिनक्सवर जीलिबसी (तिथली नेहमीची सी लायब्ररी) २.२५ पासून (२०१७) तेच काम करणारं एक्सप्लिसिट_बीझीरो आयतं मिळतं.

खरा माल सोडियम_मॅलॉकमध्ये, म्हणजे संरक्षित मेमरी देणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) ४ केबीचं असेल तर ३२ बाइटची किल्ली १६ केबी अ‍ॅड्रेस स्पेस अडवते: डेटाचं एक पेज, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड पेज (हात लावला की प्रोग्राम पाडणारं), आणि आकाराची नोंद ठेवायला आणखी एक. किल्ली पेजच्या शेवटाला टेकवलेली असते, त्यामुळे एक बाइट जरी पुढे गेलात तरी जागीच क्रॅश. किल्लीच्या अगदी आधी १६ बाइटचा कॅनरी (बदलला तर चूक दाखवणारी खूण) असतो, पण तो तपासला जातो थेट सोडियम_फ्रीच्या वेळी, म्हणजे जागा परत करताना. तोवर चूक गुपचूप पडून राहते. फ्री करताना जागा पुसली जातेच, वेगळं मेमझीरो नको. सुरुवातीला लायब्ररी चालू करणारं सोडियम_इनिट मात्र विसरू नका.

सगळ्यात खटकतं ते हे: सोडियम_मॅलॉक आतून एमलॉक करतं (पेज स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, जाऊ नये म्हणून), पण ते फसलं तर चकार शब्द काढत नाही. जुन्या लिनक्स कर्नलवर साध्या युजरला ६४ केबीच लॉक करता येतात, म्हणजे अशा सोळाच किल्ल्या (लॉक होतं ते फक्त ४ केबीचं डेटा पेज). सतरावी स्वॅपमध्ये गेली तरी तुम्हाला पत्ता नाही. (५.१६ पासून मर्यादा ८ एमबी झाली, पण सर्व्हरवर कुठला कर्नल आहे ते आधी बघा.) उपाय सोपा: त्याच पॉइंटरवर सोडियम_एमलॉक स्वतः मारा आणि -१ आलं तर पुढे जाऊ नका. लॅपटॉप हायबरनेट झाला तर लॉक केलेली पेजेसही डिस्कवर उतरतात, तिथे लायब्ररीचा इलाज चालत नाही.

रजिस्टरमध्ये नि स्टॅकवर सांडलेल्या प्रतीही ती शोधून पुसत नाही. म्हणून दीर्घकाळ राहणारी किल्लीच सोडियम_मॅलॉकमध्ये ठेवा, वापर नसताना सोडियम_एमप्रोटेक्ट_नोअ‍ॅक्सेस लावा (मग ती वाचताही येत नाही); दर मेसेजच्या तात्पुरत्या किल्लीला मेमझीरो पुरे, कारण मॅलॉक तिथे फार हळू पडतं. सी किंवा सी++ वाल्यांनी डोळे झाकून घ्यावं. पायथनमधून वापरणाऱ्यांनी मात्र यातल्या पुसण्यावर भिस्त ठेवू नये: तिथे किल्ली बाइट्स ऑब्जेक्टमध्ये असेल तर तो बदलताच येत नाही, मग पुसणार कसा.