व्ही-टू-जी चार्जर, काही महिन्यांनंतर: चार्जिंग झकास, हिशेब गंडलेला

वीज गेली तेव्हा गाडीची बॅटरी जवळजवळ भरलेली होती. तरी घरात अंधार. भिंतीवरचा महागडा दुतर्फा चार्जर (व्ही-टू-जी, म्हणजे गाडी भरणारा आणि गाडीतली वीज परत घराला किंवा ग्रिडला, वीज कंपनीच्या जाळ्याला, देणारा) लाल दिवा लावून गप्प, आणि फ्रिज चालला तो गाडीसोबत आलेल्या साध्या व्ही-टू-एल अ‍ॅडॉप्टरवर (गाडीतून थेट उपकरणाला वीज देणारा), खिडकीतून एक्स्टेन्शन ओढून. लिहायला बसलो ते यामुळे, पण माझं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे.

आधी अंधाराचं संपवतो. चार्जर वागला ते नियमाला धरूनच. ग्रिडचा पुरवठा गेला की तिच्यात वीज सोडणाऱ्या प्रत्येक यंत्राने ताबडतोब सुटं व्हायलाच हवं, नाहीतर बंद समजून तारेला हात लावणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. ग्रिडला जोडलेले सोलर इन्व्हर्टर बंद पडतात तेही याचसाठी. वीज नसताना घर चालवायचं तर घराला ग्रिडपासून तोडणारा स्विच हवा, अर्थिंगची सोय हवी आणि व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी स्वतः उभी करणारा इन्व्हर्टर हवा. हे सगळं वेगळं विकत. माहितीपत्रकावर मात्र काळोख्या गल्लीत एकच उजळलेलं घर, आणि खुलासा तळाशी, भिंग घेऊन वाचावा असा.

चार्जिंगबद्दल मात्र तक्रार करायला जागाच नाही. निघायची वेळ आणि हवी ती टक्केवारी सांगायची, बाकीचं तो बघतो. स्वस्त दराच्या तासांत भरतो, घराचा भार वाढला की मुख्य लाइनवरच्या करंट सेन्सरवरून ओळखून स्वतः मागे सरतो, एमसीबी पडत नाही. माझ्या आधीच्या एसी चार्जरला ६ अँपिअरखाली उतरता येत नसे (मानकाचीच मर्यादा आहे ती, २३० व्होल्टला साधारण १.४ किलोवॅट), त्यामुळे ढगाळ दिवशी सोलरची उरलेली थोडी वीज गाडीत जायचीच नाही. हा डीसी असल्याने खालीही उतरतो. एकच खोड: मध्ये फार वेळ थांबला की गाडी झोपते आणि पुन्हा सुरू करताना कधीकधी उठत नाही. केबल काढून लावली की उठते.

आता माझं दुखणं: ॲपमधला 'घराला दिलेली वीज' हा आकडा. सुरुवातीला तो बघून खूश व्हायचो. मग बिलाशी ताळा बसेना, म्हणून चार्जरच्या लाइनवर वेगळा मीटर बसवून घेतला. ॲप म्हणे ६ युनिट दिले, मीटर म्हणे ३. आणि तेच ६ युनिट गाडीत भरताना मीटरवर ६.७ गेलेले. म्हणजे आत-बाहेर मिळून निम्म्याहून जास्त वीज वाटेतच खलास, आणि ॲप त्यावर हिरवं पान नाचवतंय!

सर्व्हिसवाल्याचं पहिलं उत्तर: "सर, तुमचा मीटर तपासून घ्या." तपासून घेतला, बरोबर निघाला. दुसरं उत्तर: "सर, थोडा लॉस तर असतोच." बरीच फोनाफोनी झाल्यावर तांत्रिक विभागातल्या एका माणसाने सरळ सांगितलं की ॲप मोजत नाहीच, बॅटरीचे उतरलेले टक्के घेऊन क्षमतेने गुणतं. तेही पूर्ण टक्के! माझ्या ६० युनिटच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ०.६ युनिट. किराणावाल्याने वजनकाट्याऐवजी पोत्याकडे बघून बिल करावं, तसला प्रकार.

निम्मी वीज जाते कुठे, हेही त्यानेच समजावलं. रात्री घराची मागणी ४०० वॅट. तेवढ्यासाठी गाडीचे काँटॅक्टर (बॅटरी जोडणारे-तोडणारे मोठे स्विच), पंप, कंट्रोलर सगळे जागे राहतात, त्यांना दोनेकशे वॅट. शिवाय मोठ्या क्षमतेचा इन्व्हर्टर इतक्या कमी भारावर मार खातो. ४०० पोचवायला बॅटरीतून ८०० निघतात.

इथवर लिहून 'घेऊ नका' असं म्हणणार होतो. पण त्याच माणसाने इन्स्टॉलरच्या मेन्यूतली एक सेटिंग उघडून दिली: मागणी दीड किलोवॅटच्या वर असेल तरच डिस्चार्ज. आता संध्याकाळी एसी आणि इंडक्शन एकत्र चालू असताना गाडी घराला वीज देते, बाकी वेळ झोपते. बॅटरीतून ६ निघाले की मीटरवर ५.३ दिसतात. आधी महाग तासांचा दर स्वस्त दराच्या सव्वादोन पटीच्या वर असता तरच खर्च निघत होता, आता १.३ पट पुरतो. एवढी कामाची सेटिंग ग्राहकापासून लपवून का ठेवली, हे कोणी सांगत नाही.

बॅटरी खराब होईल का, हा प्रश्न सगळे विचारतात. २०१७ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी म्हटलं, ग्रिडसाठी वापरल्याने सेल लवकर थकतात. त्याच वर्षी वॉरिक विद्यापीठातल्या गटाने म्हटलं, हुशारीने केलं तर आयुष्य वाढूही शकतं. २०१८ मध्ये दोन्हीकडच्यांनी मिळून लिहिलेल्या लेखाचा सूर असा की सगळं नियंत्रण कसं करता यावर आहे. मला पटतं. भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास उभी राहण्यानेही बॅटरी झिजतेच, आणि हा चार्जर निघायच्या थोडं आधी भरणं संपवतो.

आत्ता घेणाऱ्यांना माझं मत: दोन दरांत फारसा फरक नसेल तर साधा स्मार्ट एसी चार्जर घ्या, बहुतेक फायदा वेळ साधून भरण्यातच आहे. दुतर्फाच हवा असेल तर गाडी कंपनीची व्ही-टू-जीसाठी परवानगी आणि बॅटरीची वॉरंटी लेखी मागा. आयएसओ १५११८-२० हे गाडी-चार्जर संवादाचं, दुतर्फा विजेचीही सोय असलेलं मानक २०२२ मध्ये आलं म्हणून सीसीएस (डीसी चार्जिंगचा एक प्लग) असलेली प्रत्येक गाडी उलटी वीज देईल, असं होत नाही. आणि किमान डिस्चार्जची सेटिंग बसवतानाच करून घ्या.

ॲपचा आकडा अजून तसाच आहे. तक्रार त्यांनी 'निवारण झाले' म्हणून बंद केली, मी मीटरचे फोटो जोडून पुन्हा उघडली आहे.