आण्णांची ३१५ बोअर रायफल: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या खंडेनवमीला ही रायफल पहिल्यांदा माझ्या नावानं पाटावर मांडली. त्याआधी पन्नासेक वर्षं ती थोरल्या आण्णांच्या नावावर होती. पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या उसात रानडुकरं शिरायची, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना आणि त्यावर ईशापूरच्या कारखान्यातली ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) बोल्ट रायफल, म्हणजे दर गोळीला बोल्टचा दांडा हातानं मागं-पुढं करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की वारसाला परवाना मागता येतो. अर्ज, पडताळणी, पुन्हा अर्ज यात वर्ष गेलं. ते ज्याला करायचंय त्याला चुकत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं पाहिलेली थ्री नॉट थ्री आपल्याकडं सामान्य माणसाला बाळगता येत नाही. ते बोअर प्रतिबंधित आहे. इंग्रजांच्या काळापासून सरकारचं धोरण असंच, की फौजेचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये. त्यातून ३१५ आली. अंग इंग्रजांच्या फौजेतल्या ली-एनफिल्ड रायफलीचं, काडतूस मात्र मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं, आठ मिलिमीटरचं. फौजी रायफल दुरुस्त करून चालवायची हौस असेल तर कायद्यात राहून त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू हीच.

हातात आली तेव्हाची अवस्था सांगतो. दस्त्यावर कधीतरी कुणीतरी फर्निचरचं चकचकीत वॉर्निश मारलेलं, त्याचे पापुद्रे सुटत होते. बोल्टच्या खाली लाकूड तेल पिऊन काळं आणि मऊ पडलेलं. नळीत उजेड धरला तर आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) दिसत होते, पण धुरकट. आण्णांच्या डब्यात नऊ काडतुसं होती, बुडावर हिरवी बुरशी चढलेली. ती झाडण्याचा विचारसुद्धा केला नाही, परवानाधारक दुकानदारामार्फत रीतसर जमा केली. आणि पहिल्याच आठवड्यात रायफल परवानाधारक कारागिराकडं नेली. बोल्ट मिटल्यावर काडतुसाच्या बुडामागं किती जागा उरते ते गेजनं मोजून घेतल्याशिवाय जुन्या रायफलीतून एकही गोळी झाडू नये. आमची मापात बसली.

कारागीर म्हणाला, नळी घासून नवा काळा रंग चढवू, अगदी शोरूमसारखी करून देतो. मी नको म्हटलं. आण्णांचा डावा हात जिथं पन्नास वर्षं बसला तिथं पोलाद पांढुरकं झालंय, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. पॉलिशच्या चाकावर अक्षरं आणि नंबर बुजतात ते वेगळंच. नंबर बुजलेलं शस्त्र म्हणजे गळ्यात धोंडा. जुन्या रायफलीला चकाकीपेक्षा घट्टपणा हवा, हे दहा महिन्यांनी माझं पक्कं मत झालंय.

लाकडाचं काम मी घरी केलं. धातूला हात लावायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. शस्त्र दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो आणि नळी आखूड करणं तर सरळ गुन्हा आहे. पण लाकूड सोडवायलाही नीट पेचकस लागतो. बाजारातल्या पेचकसाचं टोक उतरतं असतं, ते खाचेतून निसटून स्क्रूचं डोकं खरवडतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्याकडून खाचेच्या बरोबर मापाचं, सरळ टोकाचं पातं आणि लांब दांडी करून घेतली. मागच्या दस्त्याच्या पोटातून जाणारा लांब बोल्ट फिरवायचा तर आधी पुढचं लाकूड काढावं लागतं. या जातीच्या जुन्या फौजी रायफलींत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं न काढता मागचं फिरवलं की लाकूड उभं चिरतं. कारागिरानं हे सांगितलं नसतं तर मी ती चूक केलीच असती.

वॉर्निश काढल्यावर लाकडातलं जुनं तेल बाहेर काढायला खडूची पूड पाण्यात कालवून लेप दिला आणि मार्चच्या उन्हात गच्चीवर ठेवलं. पांढरा लेप दुपारपर्यंत चहासारखा तांबूस व्हायचा. सात वेळा लेप दिला, सातव्याला तो जवळजवळ पांढराच राहिला. खोचे उठवायला ओलं फडकं आणि इस्त्री. वाफेनं दबलेले धागे फुगून वर येतात, फक्त धागा तुटलेला नसला पाहिजे. मग लक्ष्मीपुरीतून आणलेलं जवसाचं तेल, तळहातानं चोळून. पहिला आठवडा रोज, पुढचा महिना आठवड्यातून एकदा. प्रत्येक वेळी जास्तीचं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट थर बसतो. (तेलाचे बोळे मुठीत चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. मी पाण्याच्या डब्यात टाकतो.)

खरा फरक मात्र काजळानं पडला. गोळी सुटताना सगळा धक्का चापाच्या आसपासच्या लाकडातल्या दोन आतल्या खांद्यांवर येतो. आमच्या रायफलीचा डावा खांदा झिजलेला, म्हणजे सगळा भार उजव्यावर. कारागिरानं तिथं कठीण लाकडाची पातळ चिपळी चिकटवून दिली, आणि जुळवणी कशी पाहायची ते मला शिकवलं. पोलादाला बोटानं काजळ लावायचं, लाकूड चढवून दाबायचं, परत काढायचं. जिथं काळा ठसा उमटला तिथंच लाकूड टेकतंय. तेवढंच पातीनं केसभर खरवडायचं आणि पुन्हा काजळ. दोन रविवार मी हेच करत बसलो. आण्णा शेजारी खुर्चीवर. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी दोन्ही खांद्यांवर सारखा ठसा आला तेव्हा ते नुसतं "आता बसली" एवढंच म्हणाले.

आता झाडण्याबद्दल. शिकार हा विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो संपला, आणि आमच्या शिवारात येणारा गवा तर कायद्यानं सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांत मोडतो. शेताला आता सौर कुंपण आहे. मी गोळ्या झाडतो त्या जिल्ह्याबाहेरच्या एका रेंजवर, आधी परवानगी घेऊन, शंभर मीटरवर. दहा महिन्यांत एकूण चाळीस. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफची खूण. स्वस्त नाहीत आणि मागितली तेव्हा मिळतीलच असंही नाही, म्हणून प्रत्येक गोळी मोजून झाडतो. रिकाम्या पुंगळ्या तारीख लिहून जपून ठेवल्या आहेत, नूतनीकरणाला हिशेब दाखवता येतो.

डिसेंबरात, म्हणजे लाकूडकाम व्हायच्या आधी, पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या होत्या. त्यात पहिली वीतभर वरच. पहिली का चुकते ते तिथल्या एका जुन्या माणसानं सांगितलं: नळीत तेल राहिलं की पहिली गोळी वेगळीच जाते. झाडण्याआधी कोरडं फडकं फिरवायचं. एप्रिलच्या शेवटी, काजळाचं काम झाल्यावर, त्याच अंतरावर पाचही गोळ्या कपाच्या बशीत मावल्या. फक्त सगळ्या डावीकडं. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा खुंट) केसभर डावीकडंच सरकवली, गोळी जिकडं जाते तिकडंच माशी न्यायची. पुढच्या वेळी बशी मधोमध आली. उघड्या माशीवर, दुर्बिणीशिवाय, पन्नास वर्षांच्या नळीकडून याहून जास्त मी मागणार नाही.

चाप फौजी पद्धतीचा आहे. आधी सैल ओढ, मग थांबा, मग स्पष्ट तुटतो. हाताला पटकन सवय होते. बोल्ट उघडताना लोण्यासारखा, पण मिटताना शेवटच्या इंचाला स्प्रिंग दाबावी लागते, तिथं नवखा माणूस अडखळतो. काडतुसांना कड असल्यामुळं मॅगझिनमध्ये भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढं राहिली पाहिजे, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. माझं असं दोनदा झालं. धक्का जबर आहे. पहिल्या दिवशी दस्ता खांद्याला नुसता टेकवला होता, आठवडाभर निळा डाग होता. गच्च ओढून धरल्यापासून काही नाही.

जुलैतला फटका मात्र माझ्याच हातानं बसला. रेंजवरून आल्यावर रायफल कॅनव्हासच्या कव्हरमध्ये तशीच कपाटात ठेवली. आपला पाऊस ठाऊकच आहे, पंचगंगा पात्राबाहेर, भिंतींना ओल. बारा दिवसांनी काढली तर नळीवर कव्हरची शिवण जिथं टेकली होती तिथं गंजाची लांब तांबडी रेघ. तेल आणि मऊ कापडानं निघाली, पण खाली बारीक खड्डे राहिले, ते आता कायमचे. कापड ओल धरतं. आता रायफल उघडीच, तेलाचा पुसट हात फिरवून लोखंडी कपाटात, बोल्ट वेगळा दुसऱ्या कुलपात. शेजारी सिलिका जेलची पिशवी. निळे मणी गुलाबी झाले की यासाठीच ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद गरम करून परत निळे करतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी करावं लागलं.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, तेव्हापासून गल्लीतली पोरं मला विचारतात, काका, तुमच्या रायफलीवर शिकवा की. त्यांना मी दुधाळीच्या रेंजचा रस्ता दाखवतो. नेम शिकायचा तो दहा मीटरवर, छऱ्याच्या रायफलीवर, हजारो छरे झाडून. ३१५ वर शिकायला गेलात तर धक्क्याची भीती आधी अंगात शिरेल आणि चाप ओढताना डोळे मिटतील.

नवीन परवाना काढून ही विकत घ्यावी का? नेमबाजीसाठी म्हणाल तर नको. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यातली एक जागा हिच्यावर घालवू नका. पण घरात आधीच असेल, वडलांची, चुलत्यांची, कपाटात गंजत पडलेली, तर ती जमा करून टाकण्याआधी एकदा गेज लावून घ्या आणि पुढचं लाकूड सोडवून बघा. आमच्या लाकडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा निघाला, कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातचा. तेल लावताना तेवढी जागा मी सोडली आहे.