उजनीचं पाणी: रडार की साधं उपग्रहचित्र?

पावसाळ्यात भीमेला पाणी आलं की सोलापूरकरांची नजर उजनीच्या टक्क्यांवर खिळते. नेमकं तेव्हाच सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं चित्र उघडावं, तर नुसते ढग. उन्हाळ्यात मात्र हेच चित्र झकास: चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, गाळ आणि पाणी रंगावरूनच वेगळं.

सेंटिनेल-१ या त्याच्या भावंड उपग्रहाचं रडार स्वतःच लहरी सोडतं, सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीच्या. त्यांना ना ढग अडवतात, ना रात्र. शांत पाण्यावर पडलेली लहर आरशावरून परतावी तशी भलतीकडेच निघून जाते, म्हणून जलाशय काळाकुट्ट आणि काठ राखाडी दिसतो. पण वारा सुटला की तोच काळा भाग उजळतो. जलपर्णीचा पट्टा तर थेट जमीनच वाटतो, आणि उजनीत जलपर्णीला काय तोटा!

दोघांचीही गोची एकच: हाती येतं ते क्षेत्रफळ. पातळी काढायला धरणाचा क्षेत्रफळ-पातळी तक्ता (पाणी किती पसरलं की किती उंचीवर असतं, ते सांगणारा) लागतो. उजनीचा फुगवटा पसरट, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ लांब सरकतो. कोयनेच्या उभ्या दरीत तेवढा फरक दिसत नाही.

मी जून ते सप्टेंबर रडारच बघतो. वाऱ्याचा संशय आला तर उपग्रहाच्या पुढच्या फेरीची वाट पाहतो.